उन्हाळी सुट्टीतील वाचन उपक्रम : तालुक्याच्या वाचनालयाने नेमके काय करावे?

मानद कार्यवाह (धागाकर्ता), ६ मार्च

सर्वांना नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी असलेल्या एका ‘ब’ वर्ग शासनमान्य सार्वजनिक वाचनालयाचा मानद कार्यवाह आहे. ग्रंथपाल, लेखनिक आणि शिपाई असे तीन सेवक, दोन खोल्या, एक लहानसे सभागृह आणि बालविभागाच्या नावाखाली काचेची दोन कपाटे एवढाच आमचा पसारा आहे. कपाटांत साधारण नऊशे पुस्तके आहेत, पण ती बहुतेक वेळ कुलपात असतात. येत्या सुट्टीत मुलांसाठी वाचन उपक्रम घ्यावा असा ठराव कार्यकारी मंडळाने केला असून त्याची आखणी माझ्याकडे आली आहे. मागच्या वर्षी आम्ही जे केले ते सपशेल फसले. ते कसे फसले हे आधी मोकळेपणाने सांगतो, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपे जाईल.

मागच्या मे महिन्यात आम्ही ‘सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्यास सायकल’ अशी स्पर्धा ठेवली होती. सायकल गावातील एका व्यापाऱ्याने दिली होती आणि ती महिनाभर वाचनालयाच्या दारातच उभी होती. पहिल्या आठवड्यात ऐंशीच्या वर मुले आली. तिसऱ्या आठवड्यात अकरा उरली आणि ती अकराही अशी, की जी एरवीसुद्धा वाचनालयात येतातच. मधल्या काळात एक प्रसंग घडला. पाचवीतल्या एका मुलाने सकाळी नेलेली चार पुस्तके संध्याकाळी परत आणली आणि आणखी चार मागितली. ग्रंथपालबाईंनी त्यांतले एक कोरे करकरीत पुस्तक सहज उघडले, तर छापखान्यात कडा नीट कापली न गेल्यामुळे त्याची दोन पाने वरच्या बाजूने एकमेकांना जोडलेली होती, आणि पुस्तक तशाच जोडलेल्या पानांनिशी परत आले होते. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी वहीत त्याच्या नावापुढे चारचा आकडा लिहिला. मला हे कळले तेव्हा मुलाचा राग आला नाही. आम्ही पुस्तकांचा आकडा मागितला होता, तो त्याने आणून दिला होता.

यंदा ही चूक टाळायची आहे. उपक्रम किती दिवसांचा असावा, कोणत्या वेळी घ्यावा, बक्षिसे ठेवावीत की नाहीत, आणि ज्या मुलांकडे आमच्या नियमाप्रमाणे भरायची पन्नास रुपये अनामत नाही त्यांचे काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती.

पाटीपेन्सिल, ६ मार्च

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे आणि माझी सगळी नोकरी विदर्भातच झाली, म्हणून आधी दिनदर्शिकेचा विचार मांडतो. परीक्षा एप्रिलच्या अखेरीस संपतात, मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निकाल लागतात, आणि आपल्याकडे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. कागदावर ही सुट्टी सात आठवड्यांची दिसते, पण प्रत्यक्षात पहिले आठ-दहा दिवस मूल पुस्तकाचे नाव काढत नाही आणि ते योग्यच आहे. त्यानंतर लग्नसराई असते, मामाचे गाव असते. सलग चार आठवडे रोज येणारी मुले आपल्याला मिळतील या गृहीतकावर आखलेला कोणताही उपक्रम विसकटणारच, कारण ज्या दिवशी मूल परगावी जाते त्या दिवशी ते स्पर्धेतून बाद झालेले असते आणि परत आल्यावर पुन्हा येण्याचे त्याला काही कारण उरत नाही.

म्हणून मालिका करू नये. प्रत्येक दिवस स्वतंत्र असावा, कोणत्याही दिवशी आले तरी चालावे आणि मध्ये आठवडाभर आले नाही तरी काही बिघडू नये. वेळेबाबत तर दुसरा पर्यायच नाही. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास असतो. दहानंतर मुलांना रस्त्यावर आणणे हा गुन्हा समजावा. सकाळी सात ते साडेनऊ ही वेळ ठेवा. संध्याकाळी मुले मैदानावर असतात, त्यांना तिथेच राहू द्या.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात आणून देतो. आपल्या गावची मुले जशी बाहेर जातात तशी नागपूर-पुण्याची मुले आजोळी म्हणून आपल्या गावात येतात. ती दुपारभर मोबाइल घेऊन बसतात आणि आजी-आजोबा वैतागतात. ही मुले आपल्या सभासद यादीत नसतात, पण मे महिन्यात वाचनालयाचे खरे गिऱ्हाईक तीच असतात.

दाखलनोंद, ७ मार्च

पाटीपेन्सिल गुरुजींच्या शेवटच्या मुद्द्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका ‘क’ वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. ज्या जिल्ह्यात १८२८ साली वाचनालय निघाले त्या जिल्ह्यात आमच्यासारख्या लहान वाचनालयाचा बालविभाग वर्षभर ओस असतो आणि मे महिन्यात चाकरमान्यांची मुले आली की भरतो. आम्ही त्यांच्यासाठी ‘सुट्टीचे कार्ड’ काढले आहे. आजोबा, आजी, काका किंवा शेजारी यांपैकी कोणी एक सभासद असला आणि त्याने कार्डावर सही केली की मुलाला अनामत न घेता एका वेळी दोन पुस्तके मिळतात. कुणीच सभासद नसेल तर अंगणवाडी सेविकेची किंवा शिक्षकाची सही चालते. या कार्डांची नोंद आम्ही नेहमीच्या देवघेव नोंदवहीत न करता वेगळ्या वहीत ठेवतो, कारण जूनमध्ये ती वही बंद करून येणे पुस्तकांची यादी एका दृष्टिक्षेपात काढता येते.

अनामत माफ करा म्हटले की कार्यकारी मंडळात पहिला प्रश्न येतो तो पुस्तके हरवण्याचा. हा प्रश्न खोटा नाही. पुस्तक हरवले की दाखल नोंदवहीत, म्हणजे वाचनालयाच्या मालकीच्या पुस्तकांच्या क्रमवार नोंदवहीत, त्याचा हिशेब द्यावा लागतो, आणि तपासणीच्या वेळी उत्तर ग्रंथपालाला द्यावे लागते, मंडळाला नाही. म्हणूनच ग्रंथपाल कुलूप लावतो. त्याला मुलांचा तिटकारा असतो म्हणून नव्हे. यावर माझा उपाय असा, की उपक्रम सुरू होण्यापूर्वीच मंडळाने लेखी ठराव करावा : सुट्टीच्या उपक्रमात फाटलेली किंवा हरवलेली पुस्तके अमुक रकमेच्या मर्यादेपर्यंत रीतसर बाद केली जातील आणि त्याची भरपाई सेवकांच्या पगारातून केली जाणार नाही. आमच्याकडे असा ठराव झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मी स्वतः कपाटाचे कुलूप काढले. मागच्या वर्षी आमची सहा पुस्तके परत आली नाहीत. त्यांतली दोन दिवाळीत मुंबईहून आली, एकाबरोबर खोबऱ्याच्या वड्यांचा डबाही होता.

मानद कार्यवाह यांना एक सुचवते. बक्षिसे, प्रमाणपत्रे, उद्घाटन यांचा विचार नंतर करावा. आधी हा ठराव करून घ्यावा.

परखड, ७ मार्च

येथे सगळे एका सुरात बोलत आहेत, म्हणून वेगळे मत नोंदवतो. स्पर्धा वाईट, बक्षीस वाईट, असे म्हणणे सोपे आहे, पण पहिल्या आठवड्यात ऐंशी मुले आली ती सायकल पाहूनच आली हे विसरू नये. बक्षीस काढून टाकले तर ती येणारच नाहीत. आजच्या पालकांना सुट्टीतील प्रत्येक वर्गाचे प्रमाणपत्र हवे असते. चित्रकलेचा वर्ग देतो, अबॅकसचा देतो, पोहण्याचा देतो, आणि वाचनालय म्हणणार की आम्ही काहीच देणार नाही, फक्त या आणि वाचा. कोण येईल? बक्षीस वाईट नव्हते, मोजमाप वाईट होते. पुस्तक परत करताना दोन प्रश्न विचारा, उत्तर आले तरच गुण द्या, म्हणजे जोडलेल्या पानांचा प्रश्न मिटेल.

पाटीपेन्सिल, ७ मार्च

परखड यांच्या प्रामाणिकपणाचा आदर राखून सांगतो, की पुस्तक परत करताना दोन प्रश्न विचारणे याचा अर्थ सुट्टीत तोंडी परीक्षा घेणे. मी तीस वर्षे धड्याखालचे प्रश्न विचारले आहेत आणि धड्याची गोडी घालवण्यात माझा वाटा मोठा आहे. प्रश्न विचारायचाच असेल तर ज्याचे उत्तर चुकूच शकत नाही असा विचारावा : हे पुस्तक तू कुणाला देशील? मूल पटकन एखाद्या मित्राचे नाव घेते, किंवा ‘कुणालाच नाही, बोअर आहे’ म्हणते. दोन्ही उत्तरे वहीत टिपून ठेवावीत, कारण पुढल्या खरेदीच्या वेळी तीच यादी उपयोगी पडते.

सातासमुद्रापार, ८ मार्च

मी न्यू जर्सीत राहते. इथल्या आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत उन्हाळी वाचन उपक्रम चालतो आणि माझी दोन्ही मुले त्यात वाढली, म्हणून जे पाहिले ते लिहिते. इथले तिकडे जसेच्या तसे न्यावे असा आग्रह नाही. आमच्याकडे पुस्तकांची संख्या मोजत नाहीत, वाचलेली मिनिटे मोजतात. जाड पुस्तक घेऊन आठवडाभर बसलेला मुलगा आणि रोज पातळ चित्रपुस्तक वाचणारी मुलगी यांचा हिशेब त्यामुळे सारखाच होतो. कुणी वाचून दाखवलेले ऐकले तरी ती मिनिटे धरतात, त्यामुळे वाचता न येणारे तान्हे बाळही उपक्रमात नाव नोंदवते. मराठी पुस्तक चालेल का, असे मी पहिल्या वर्षी भीतभीत विचारले होते. ग्रंथपाल म्हणाल्या, कोणतीही भाषा चालेल. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी आजीने वाचून दाखवलेल्या गोष्टींचे तासच्या तास त्या इंग्रजी तक्त्यावर चढले.

बक्षिसाविषयी परखड यांना सांगावेसे वाटते, की आमच्याकडेही बक्षीस असते, पण ते एकाला नसते. ठरलेली मिनिटे पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला एक पुस्तक मिळते, ते त्याने स्वतः निवडायचे आणि कायमचे घरी न्यायचे. पहिला-दुसरा असा क्रमांक कुणालाच नसतो. आणि इथल्या ग्रंथालयात अनामत नावाचा प्रकार नाही. बऱ्याच ग्रंथालयांनी तर मुलांचा उशिराचा दंडही काढून टाकला आहे.

दाखलनोंद, ८ मार्च

आपले वर्णन वाचून हेवा वाटला, पण तुलना करताना एक मूलभूत फरक ध्यानात ठेवावा लागेल. न्यू जर्सीतील आपल्या गावचे ग्रंथालय स्थानिक कराच्या पैशातून चालते. इकडे महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली आला, पण त्यात ग्रंथालय कराची तरतूद झाली नाही. मद्रास राज्याने १९४८ च्या कायद्यात ती केली होती, कर्नाटकाने १९६५ मध्ये केली. आपण मात्र लोकांनी स्थापन केलेल्या वाचनालयांना वर्ग देऊन अनुदान द्यायचे ही पद्धत धरली. यातून हजारो गावांत वाचनालये टिकली हे खरे आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्यामुळेच सभासद, वर्गणी आणि अनामत या गोष्टी आपल्या हाडीमाशी खिळल्या. सभासद नसलेले मूल आपल्या दृष्टीने परके ठरते. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतले पहिलेच सूत्र पुस्तके वापरण्यासाठी आहेत असे सांगते. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत आम्ही सगळ्यांनी ते पाठ लिहिले आहे आणि नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला आहे.

अनामत रद्द करणे एका कार्यवाहाच्या हाती नसते. सुट्टीपुरती बाजूला ठेवणे मात्र असते.

चित्रवाचक, ९ मार्च

मी पुस्तकनिवडीविषयी लिहितो. बालविभागातली नऊशे पुस्तके कोणती आहेत हे मानद कार्यवाहांनी सांगितलेले नाही, पण अशा बहुतेक कपाटांचा मला जो परिचय आहे त्यावरून अंदाज करतो : थोर पुरुषांची बत्तीस पानी चरित्रे, बोधकथा, सामान्यज्ञान, आणि कोणीतरी भेट दिलेले विश्वकोशसदृश जाड खंड. अनुदानाचा हप्ता हाती पडतो आणि वर्ष संपण्यापूर्वी खरेदी दाखवायची असते, तेव्हा पुरवठादार जे गठ्ठे पाठवतो ते कपाटात जातात. मुलांनी ही पुस्तके एका दिवसात चार-चार परत केली यात नवल नाही.

आज वाचनालयात येणाऱ्या मुलांत तीन अगदी वेगळे गट असतात आणि त्यांना एकच पुस्तक पुरत नाही. पहिला गट नीट वाचणाऱ्यांचा; त्यांची काळजी करू नये, त्यांना फक्त मोकळे सोडावे. दुसरा गट इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा. ही मुले मराठी फर्डे बोलतात, पण देवनागरी वाचताना जोडाक्षर आले की अडखळतात, आणि वय अकरा असताना पहिलीचे पुस्तक हातात दिले तर अपमान समजून निघून जातात. त्यांच्यासाठी विषय मोठ्या मुलांचा आणि मजकूर थोडा असे पुस्तक लागते. चित्रकथा आणि विनोदी पट्ट्या यांचा इथे फार उपयोग होतो. तिसऱ्या गटाविषयी कोणी बोलत नाही. ही मुले मराठी शाळेतच जातात, वरच्या वर्गात असतात, पण त्यांना सलग वाचता येत नाही आणि ते लपवण्यात ती पटाईत झालेली असतात. काहींच्या घरी गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोलतात. अशा मुलाने सायकलीच्या स्पर्धेत काय करावे? कदाचित जोडलेल्या पानांचे पुस्तक परत करणारा तो मुलगाच या गटातला असेल. त्याला पुन्हा बोलावून पाहावे असे मी सुचवीन.

या तिसऱ्या गटासाठी चित्रपुस्तके लागतात आणि ती मोठ्याने वाचून दाखवावी लागतात. मराठीत आता चांगली चित्रपुस्तके आहेत. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची यादी मागवावी, नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके अजूनही स्वस्त मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि त्यांचा परवाना खुला असल्यामुळे त्या उतरवून छापून घेता येतात. बालभारतीच्या १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला ठेवलेले आहेत; आपल्या लेखनिकाला अर्धा दिवस द्या, तो त्यांतल्या वीस-पंचवीस गोष्टी शोधून ठेवील, आणि वाचून दाखवायला दीड महिना पुरतील.

मांडणीविषयी एकच सांगतो. पुस्तकाचा कणा मुलाला काही सांगत नाही, मुखपृष्ठ सांगते. कपाटातली सगळी पुस्तके बाहेर काढण्याची गरज नाही. सतरंजीवर आणि दोरीवर रोज चाळीस पुस्तके मुखपृष्ठ दिसेल अशी मांडावीत आणि दुसऱ्या दिवशी बदलावीत. सातारा जिल्ह्यातील भिलार ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव झाले, तिथे घराघरांत उघडी मांडलेली पुस्तके मुले कशी हाताळतात ते मी बसून पाहिले आहे. आधी दहा पुस्तके उलटीसुलटी करतात, मग अकराव्यात अडकतात. त्या पहिल्या दहांना वाचन न म्हणता पसारा म्हणणारा माणूस बालविभागात नेमू नये.

परखड, ९ मार्च

मोठ्याने वाचून दाखवणार कोण? ग्रंथपाल देवघेवीत, लेखनिक हिशेबात आणि शिपाई पाणी भरण्यात. हे सगळे ऐकायला छान आहे, पण माणूस कुठून आणायचा?

धाकटीची ताई, १० मार्च

परखड यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या अनुभवातून देते. मी अमरावती जिल्ह्यातील एका वाचनालयात तीन उन्हाळे स्वयंसेवक म्हणून काम केले. दहावी-बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणारी मुले-मुली मे महिन्यात रिकामी असतात आणि घरात त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. त्यांतल्या सहा जणांना आम्ही बोलावले. वाचून कसे दाखवायचे हे दोन सकाळी शिकवले : पुस्तक मुलांकडे तोंड करून धरायचे, पान उलटण्यापूर्वी थांबायचे, तात्पर्य सांगायचे नाही. तात्पर्य सांगायचे नाही हे त्यांना शिकवायला सर्वांत जास्त वेळ लागला.

पण मला येथे दुसरीच गोष्ट मांडायची आहे. आमच्या उपक्रमाच्या सूचनेत ‘वय ८ ते १४’ असे लिहिले होते. तिसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन आली. शिपायाने नियम दाखवला. ती काही बोलली नाही, दाराबाहेरच्या पायरीवर बसली आणि खिडकीतून गोष्ट ऐकू लागली. भाऊ रडला की उठून दोन पावले चालायची, तो गप्प झाला की पुन्हा खिडकीशी यायची. मे महिन्यात आई कामाला गेली की या वयाच्या मुलींना घर, पाणी आणि धाकटी भावंडे सांभाळावी लागतात. सकाळची वेळ म्हणजे नेमकी नळाला पाणी येण्याची वेळ. आम्ही जी वयोमर्यादा आखली होती तिने मुलांना काही झाले नाही, मुलीच तेवढ्या गाळल्या. चौथ्या दिवशी आम्ही सूचना फाडली, एका कोपऱ्यात जुनी चादर अंथरली, जाड पुठ्ठ्याची चार पुस्तके आणि एक खुळखुळा ठेवला. दहा दिवसांत अशा नऊ मुली येऊ लागल्या. भावंडांनी दोन पुस्तके चावून खाल्ली, ती आम्ही बाद केली.

मानद कार्यवाहांना विनंती, की वेळ ठरवण्यापूर्वी आपल्या गावात नळ किती वाजता येतो ते विचारून घ्यावे.

मानद कार्यवाह, १२ मार्च

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल कार्यकारी मंडळाची सभा झाली आणि येथील बहुतेक सूचना मी तिथे मांडल्या. जे ठरले ते कळवतो.

दाखलनोंद यांनी सांगितल्याप्रमाणे पहिला ठराव पुस्तके बाद करण्याच्या मर्यादेचा केला. त्यावर पाऊण तास चर्चा झाली. कोषाध्यक्षांचे म्हणणे होते की अशी मर्यादा लिहून ठेवली तर तेवढी पुस्तके हरवणारच. अखेरीस तीन हजार रुपयांवर एकमत झाले आणि सेवकांकडून वसुली होणार नाही हे वाक्य ग्रंथपालबाईंच्या समोर इतिवृत्तात लिहिले गेले. सुट्टीच्या कार्डाला अनामत नाही. सही कोणाचीही चालेल, सभासदाची, शिक्षकाची किंवा अंगणवाडी सेविकेची.

उपक्रम १० मे ते १० जून असा राहील. आमच्या गावात नळ एक दिवसाआड सकाळी साडेसहाला येतो आणि आठला जातो, हे मला, इतकी वर्षे गावात राहूनही, घरी विचारावे लागले. म्हणून वेळ आठ ते दहा ठेवली आहे. पाटीपेन्सिल गुरुजींना दहाची मर्यादा मान्य होईल अशी आशा आहे. सभागृहात कूलर आहे, वीज गेली तर पंपाजवळचा कडुनिंबाचा पार आहे. वयोमर्यादा लिहिणार नाही.

मोजमापाविषयी मिनिटांची कल्पना मला आवडली, पण आमच्याकडे घड्याळ लावून कोणी वाचणार नाही आणि पालकांनी भरलेल्या तक्त्यावर माझा विश्वास नाही. त्याऐवजी प्रत्येक मुलाला एक पुठ्ठ्याचे कार्ड द्यावे, आला त्या दिवशी त्यावर एक शिक्का उमटवावा, आणि दहा शिक्के झाले की त्याने टेबलावरच्या पुस्तकांतून एक निवडून कायमचे घरी न्यावे, असे ठरले आहे. दहा दिवस सलग असण्याची गरज नाही. परखड यांना यात बक्षीस दिसेल आणि ते दिसावे. प्रमाणपत्राची मागणी मात्र मंडळातूनच आली. ती मी थोपवू शकलो नाही, तेव्हा एका शिक्क्यापासून पुढे प्रत्येक मुलाला ते मिळेल आणि सगळ्यांच्या प्रमाणपत्रावरचा मजकूर एकच असेल, एवढे मान्य करून घेतले.

खर्चाचा अंदाज असा, की घरी न्यायच्या शंभर पुस्तकांना पाच हजार रुपये, छपाई आणि पुठ्ठ्याला दीड हजार, सहा स्वयंसेवकांना महिन्याचे प्रत्येकी पाचशे रुपये मानधन, आणि बाद पुस्तकांची तरतूद धरून एकूण साडेबारा हजार. ज्या व्यापाऱ्याने सायकल दिली होती त्यांना मी भेटलो. शंभर पुस्तकांत त्यांना पहिल्यांदा रस वाटला नाही, कारण सायकलीचा फोटो काढता येतो. प्रत्येक पुस्तकावर त्यांच्या दुकानाच्या नावाचा शिक्का मारू म्हटल्यावर ते तयार झाले. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडे बालविभागासाठी साहाय्याची योजना आहे, तिचा अर्जही आम्ही रीतसर करणार आहोत, पण तो मार्ग लांबचा असल्याने या मे महिन्याच्या हिशेबात तो धरलेला नाही.

दाखलनोंद, १२ मार्च

ठरावाबद्दल अभिनंदन. एक व्यावहारिक सूचना : दुकानाच्या नावाचा शिक्का आणि वाचनालयाचा शिक्का यांची गल्लत होऊ देऊ नये. घरी द्यायची पुस्तके दाखल नोंदवहीत अजिबात चढवू नयेत, त्यांची फक्त भेट म्हणून वेगळी यादी ठेवावी. एकदा दाखल क्रमांक पडला की ते पुस्तक वाचनालयाच्या मालकीचे होते आणि मग ते मुलाला कायमचे देणे ही तपासणीत अडचण ठरते.

परखड, १३ मार्च

एका शिक्क्याला प्रमाणपत्र ही युक्ती मला मान्य आहे. माझ्या भाच्याची बारावी आत्ताच झाली, तो मेभर हिंगणघाटला आजोळी असतो. आपले गाव जवळ असेल तर वाचून दाखवायला पाठवतो. आवाज मोठा आहे, तात्पर्य सांगण्याची सवय त्याला नाही.

मानद कार्यवाह, १५ मार्च

भाच्याला जरूर पाठवावे. हिंगणघाटाहून एसटीने सकाळी वेळेत पोहोचता येते. दाखलनोंद यांची सूचना इतिवृत्तात जोडून घेतली आहे.

आज सकाळी ग्रंथपालबाई आणि मी बालविभागाची कपाटे उघडली. दुसऱ्या कपाटाची किल्ली जुडग्यात नव्हती, कोणत्या वर्षापासून नाही हे कोणालाच सांगता येईना, म्हणून अखेर शिपायाने करवतीने कडी कापली. चित्रवाचक यांचा अंदाज चरित्रांच्या बाबतीत तंतोतंत खरा निघाला. ते जोडलेल्या पानांचे पुस्तकही सापडले, अजून तसेच होते. बाईंनी फूटपट्टीने कडा सोडवल्या आणि ते दोरीवर लावायच्या पहिल्या चाळिसांत बाजूला ठेवले. तो मुलगा यंदा सहावीत आहे आणि बाजारओळीतच राहतो असे शिपाई म्हणाला. त्याला वाचायला बोलवायचे की कार्डांवर शिक्के मारायच्या कामावर बसवायचे, यावर आमचे अजून ठरलेले नाही. बाईंचे मत शिक्क्यांच्या बाजूने आहे.